भिंतीवरची खोटी झडप

ड्रायर एका खेपेत कपडे वाळवीना, म्हणून मी बिल्डरच्या कचेरीत फोन केला. तिथल्या ट्रॉय नावाच्या माणसाने मला विचारलं, "मॅडम, जाळी साफ करता का? ड्रायरच्या दारात एक जाळी असते बघा. तिच्यात कपड्यांची लव अडकते. ती दर वेळी काढायची असते."

मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली. त्यातली शेवटची चौदा मुकादम म्हणून. रोज चार टन चादरी माझ्या हाताखालून जायच्या. लव किती हलकी असते, कुठे कुठे शिरते, आणि एका ठिणगीला कशी भडकते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बाळा, मी जाळी साफ करते," मी म्हटलं. "तुझ्या जन्माच्या आधीपासून करतेय."

"मग कपडे जास्त कोंबत असाल."

"एक टॉवेल टाकला होता. एक."

"मी नोंद करून घेतो हं मॅडम."

अशा त्याने चार नोंदी करून घेतल्या. नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात दोन. बघायला कुणी आलं नाही.

नवरा गेल्यावर मोठं घर विकून मी हेरन लँडिंगमध्ये राहायला आले होते. ईरी सरोवराच्या काठी बारा नवी घरं, भिंतीला भिंत लागून, एका रांगेत. माझं सातवं. आठव्यात लमार आणि ओपल अबर्नथी. लमार चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर शाळेची बस चालवलेले. ओपलला दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. ती वरच्या मजल्यावर पलंगावरच असायची. तिची अंथरुणं दिवसातून तीन-तीनदा बदलावी लागायची, त्यामुळे त्यांचा ड्रायर सकाळपासून फिरत असायचा. भिंतीपलीकडून मला त्याची घरघर ऐकू यायची.

"आमचाही तसाच आहे, नोरीन," लमार मला म्हणाले होते. "तीन खेपा लागतात. मी त्या पोराला फोन केला तर म्हणाला, जाळी साफ करा."

"मलाही तेच म्हणाला."

"मग मी जाळी टूथब्रशने घासायला लागलो," ते म्हणाले आणि हसले. माणूस असा की त्याला कुणी चूक दाखवली, की आधी स्वतःकडे बघणार.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी मी ड्रायर चालू केला, कोट चढवला आणि घराच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ड्रायरची गरम, ओली हवा पाइपातून घराबाहेर पडते. तिथे भिंतीवर एक झडप असते, ती हवेने उघडते. अशा थंडीत तिच्यातून पांढरीशुभ्र वाफ निघायला हवी, किटलीतून निघते तशी. मी रांगेवर नजर टाकली. पहिल्या घरातून वाफ निघत होती. तिसऱ्यातून निघत होती. माझ्या भिंतीवरची झडप मात्र मिटून बसली होती.

मी बर्फ तुडवत जवळ गेले. कचऱ्याची बादली पालथी घालून तिच्यावर चढले आणि झडप वर करून आत बोट घातलं. दोन इंचांवर बोट लाकडी फळीला लागलं.

पाइप नव्हता, साधं भोकसुद्धा नव्हतं. झडप नुसती चार स्क्रूंनी भिंतीला ठोकलेली होती.

हवा बाहेर येत नव्हती. मग गेले तीन महिने ती जात कुठे होती?

पुढचे तीन दिवस मी रांगेमागे चकरा मारल्या. सात घरांतून वाफ निघायची, पाच घरांतून नाही. ही पाच मधली घरं. त्यांत न्हाणीघर मोठं दिलं होतं. जाहिरातीत त्याचाच डंका होता. ते मोठं करायचं म्हणून वरच्या मजल्यावरचं ड्रायरचं कपाट मागच्या भिंतीजवळून काढून घराच्या पोटात ढकललं होतं. लायब्ररीत जाऊन मी बांधकामाच्या नियमांचं पुस्तक मागितलं. ड्रायरच्या पाइपाला त्यात जेमतेम दीड पान आहे. पाइप गुळगुळीत पत्र्याचा हवा, चार इंच रुंद. सांध्याला आतून टोक काढणारे स्क्रू नकोत, त्यांना लव अडकते. तोंडाला जाळी नको. लांबी पस्तीस फुटांपर्यंत, आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणाला त्यातले पाच फूट वजा. हवा घराबाहेरच गेली पाहिजे. माळ्यावर नाही, जमिनीखाली नाही, भिंतीत नाही. बाहेर.

घरी येऊन मी टेप लावली. माझ्या कपाटापासून मागच्या भिंतीपर्यंत अडतीस फूट भरले, आणि वाटेत तीन वळणं. म्हणजे वीस फुटांची मुभा आणि अडतीसचा पाइप. नियमात बसवायचा तर कपाट हलवावं लागलं असतं, न्हाणी लहान झाली असती. त्यापेक्षा पाइप मध्येच कुठेतरी सोडून देणं आणि भिंतीवर देखाव्याची झडप ठोकणं सोपं.

आणि हे सगळं तपासून, सही करून, ठीक आहे म्हणणारा नगरपालिकेचा बांधकाम निरीक्षक होता टेड गोर्स्की. माझा धाकटा भाऊ.

रविवारी जेवायला मी टेडकडेच जायची. आई गेल्यापासून पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मी करायची आणि डुकराचं मटण आंबट कोबीत तो शिजवायचा. त्या रविवारी मी ताटाला हात न लावता बसले.

"हेरन लँडिंगची सही तुझी आहे?"

"बारा घरं. हो. का?"

"पाइप बघितलेस?"

"कसले पाइप?"

"ड्रायरचे, टेड."

त्याने काटा खाली ठेवला. "बाहेर झडपा आहेत ना. बाराच्या बारा."

"पाच खोट्या आहेत. मी बोट घालून बघितलंय. आत फळी आहे. छत बंद करायच्या आधी तपासणी असते ती तू केलीस का? शिडी लावून वर बघितलंस का?"

"नोरीन, माझे गुडघे—"

"गुडघे गेले खड्ड्यात! सही करायला हात चालले ना?"

तो उठून खिडकीपाशी गेला. मोठा धिप्पाड माणूस, पण तेव्हा पाठीत वाकल्यासारखा वाटला. "त्या वर्षी एकट्यावर एकशे चाळीस कामं होती," तो म्हणाला. "हार्गेट बिल्डरचं काम कधी वाईट निघालं नव्हतं. हे बघ, मी त्याला गाठतो. गुपचूप नीट करून घेतो. मला दोन आठवडे दे. तू आत्ता बोंब मारलीस तर मी संपलो. निवृत्तीला वीस महिने राहिलेत."

"आणि तोवर लोकांनी कपडे कुठे वाळवायचे?"

"एवढे महिने काही झालं नाही, आता दोन आठवड्यांत काय होणारेय?"

मी हो म्हटलं. हे मी आजही कुणापाशी लपवत नाही. मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरले होते, आणि मी हो म्हटलं. माझा ड्रायर बंद करून मी गावातल्या लाँड्रीत कपडे न्यायला लागले. लमारना एवढंच म्हणाले, "ड्रायर जरा कमी तापमानावर लावत जा, बरं असतं." ते म्हणाले, "बरं." का म्हणून त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

दोन आठवडे गेले, टेडचा फोन नाही. मी केला, तर म्हणाला, "हार्गेट फ्लोरिडात आहे, सोमवारी येतोय." सोमवार गेला.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास भिंतीपलीकडून धुराचा भोंगा किंचाळायला लागला. मी दाराबाहेर आले तर लमार हातातलं बर्फाचं फावडं टाकून घराकडे धावत होते. दार उघडलं तसा धूर अंगावर आला. काळा नव्हता, पिवळट होता, जळक्या केसांसारखा वास. जिना चढून वर गेलो, तर ड्रायरच्या कपाटासमोरची जमीन फटीफटींतून धुमसत होती. खाली ज्वाळा दिसत नव्हती, पण तळवा टेकवला तर चटका बसत होता. आणि त्याच्या पलीकडे ओपलची खोली.

"ओपल! ओपल, मी आलोय!" लमार ओरडत होते.

हॉस्पिटलात आम्हाला दर वर्षी आगीची कवायत असायची. पेशंटला उचलायचं नाही, चादरीसकट ओढायचं. मी म्हटलं, "तुम्ही डोक्याकडची दोन टोकं धरा." पायाकडची मी धरली. ओपल खोकत होती, डोळे फाडून लमारकडे बघत होती. तिला बोलता येत नसे, पण डावा हात तिने त्यांच्या बाहीत रुतवून ठेवला होता. त्या तापलेल्या जमिनीवरून तिला ओढत नेलं तेव्हा माझ्या चपलेचा तळ चिकटला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिचं अंग आपटत होतं. बर्फात आणून ठेवली आणि पाचच मिनिटांत ती जमीन कोसळली. ड्रायर खालच्या खोलीत पडल्याचा आवाज आम्ही रस्त्यावरून ऐकला.

अग्निशमनवाल्यांनी तासाभरात आग आटोक्यात आणली. माझ्या घराची भिंत नुसती काळवंडली. ओपलच्या फुप्फुसांत धूर गेला होता, तिला हॉस्पिटलात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉय आला. एवढ्या फोनांत जो कधी उगवला नाही, तो आता कोट-टाय घालून, कॅमेरा घेऊन आला. रस्त्यावर उभं राहून तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "लव साफ केली नव्हती. म्हातारा एकटाच सगळं बघायचा. नेहमीची गोष्ट." मी चार हातांवर उभी होते. माझ्याकडे बघून त्याने मान डोलावली, ओळखीची असल्यासारखी.

मी हॉस्पिटलात गेले. ओपलच्या खोलीबाहेर लमार खुर्चीत बसले होते. हात गुडघ्यांवर, आणि नजर त्या हातांवर.

"मी दर वेळी साफ करायचो, नोरीन," ते म्हणाले. "निदान मला तरी तसं वाटतं. त्या सकाळी तिने दोनदा अंथरूण ओलं केलं. गडबडीत राहून गेलं असेल. कंपनीचा माणूस आला होता. फार नीट बोलला. म्हणाला, स्वतःला दोष देऊ नका, अशा वयात होतं."

"तो असं म्हणाला?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं नेली-आणली. कुणाला खरचटलं नाही. आणि आपल्या बायकोला मी—"

माझ्या अंगात संताप उसळला. ट्रॉयचा राग आलाच, टेडचा आला, पण सगळ्यात जास्त माझा आला. खरं काय ते मला ठाऊक होतं. तिथे त्या खुर्चीसमोर उभी राहून मी सांगू शकत होते, आणि माझं तोंड उघडलं नाही. पुरावा हातात नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तिथून निघाले ती सरळ हार्डवेअरच्या दुकानात. छत कापायची करवत घेतली. घरी येऊन ड्रायरच्या कपाटाखाली येणाऱ्या बोळात शिडी लावली आणि डोक्यावरच्या छताला हात घातला. एकसष्ट वर्षांची बाई मी. अंगावर चुन्याचा पाऊस पडत होता आणि मी एकेकाच्या नावाने शिव्या देत होते. आईने ऐकल्या असत्या तर थोबाड फोडलं असतं.

दोन फुटांचा तुकडा सुटला आणि त्याच्या मागून लव खाली आली. करड्या रंगाची, मऊ, उशी फाटावी तशी. माझे टॉवेल, माझा निळा झगा, नवऱ्याचा जुना स्वेटर जो मी घरात घालायची, सगळ्याचे रंग मला त्या लवेत ओळखू येत होते. वरती पाइप होता, पण पत्र्याचा नव्हे. चांदीच्या वर्खासारखा चुरगळणारा स्वस्त पाइप, आणि तोही जाड तुळईपाशी आल्यावर तसाच उघड्या तोंडाचा सोडून दिलेला. त्याच्या तोंडाशी लव तपकिरी पडली होती. करपली होती.

मी करवत खाली ठेवली. कशाला आणखी हात लावला नाही. अग्निशमन दलाच्या तपासणी अधिकारी इव्हेट मार्श, त्यांना फोन केला. बाई अर्ध्या तासात आल्या. शिडीवर चढल्या आणि पाइपाच्या तोंडाचे फोटो काढायला लागल्या.

"हे कधीपासून माहीत होतं?" त्यांनी वरूनच विचारलं.

"झडप खोटी आहे हे तीन आठवड्यांपासून."

"कुणाला सांगितलंत?"

"निरीक्षकाला."

"त्यांचं नाव?"

मी सांगितलं. ते लिहून घेताना त्यांनी विचारलं, "तुमचं माहेरचं आडनाव काय?" कदाचित चेहरेपट्टी दिसली असेल. मी तेही सांगितलं.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी नगरपालिकेची सभा होती. सभागृह गच्च भरलं. क्लिंट हार्गेट स्वतः आला होता, फ्लोरिडाचं ऊन तोंडावर घेऊन. माइकसमोर उभा राहून म्हणाला, "अबर्नथी कुटुंबाबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पण ड्रायरची देखभाल ही घरात राहणाऱ्याची जबाबदारी असते. आमची बाराही घरं नगरपालिकेने तपासून मंजूर केली आहेत."

लमार तिसऱ्या ओळीत बसले होते. मान खाली.

माझी पाळी आली. बरोबर मी धुलाईच्या दोन पिशव्या नेल्या होत्या. मार्शबाईंनी फोटो काढून नमुने घेतल्यावर उरलेली लव मला दिली होती. दोन्ही मी टेबलावर उलट्या केल्या. पुढच्या ओळीतली माणसं मागे सरकली.

"ही माझ्या छतातली," मी म्हटलं. "तीन महिन्यांची. जाळी दर वेळी साफ करूनसुद्धा. लमार अबर्नथींच्या छतात याच्या चौपट असणार, कारण त्यांच्या घरी आजारी माणूस आहे. हार्गेट, घर बांधलंस की चूल पेटवून ठेवलीस? आणि वर त्या माणसाला सांगायला पोरगं पाठवलंस की तूच बायकोला जाळलंस?"

"बाई, आवाज कमी करा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही करणार. चार वेळा हळू आवाजात फोन केले होते."

मग मी वळले. टेड बाजूच्या भिंतीला टेकून उभा होता.

"टेड," मी म्हटलं, "तपासणीच्या दिवशी शिडी कुठे होती?"

सगळं सभागृह त्याच्याकडे वळलं. त्याने हार्गेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो खोटं बोलेल असं मला वाटलं. खरं सांगते, तो खोटं बोलला असता तर मी तिथेच त्याच्यावर धावून गेले असते.

"गाडीवर," तो म्हणाला. "काढलीच नाही. पाऊस पडत होता. मी गाडीत बसून बारा कागदांवर सह्या केल्या."

हार्गेट ताडकन उठला. "याच्याशी माझा काय संबंध? पाइपाचं काम मी दुसऱ्याला दिलं होतं!"

"खोट्या झडपा कुणी ठोकल्या?" मार्शबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. त्यावर तो वकिलाशी बोलून सांगतो म्हणाला.

पाचही घरांची छतं उघडली. सगळीकडे तेच. राज्याने हार्गेटचा परवाना काढून घेतला आणि खटला अजून चालू आहे. आमच्या घरांतली ड्रायरची कपाटं मागच्या भिंतीजवळ आणली. न्हाण्या लहान झाल्या. नवा निरीक्षक म्हणून एक तरुण बाई आली. तिने प्रत्येक पाइपात दिवा घालून पाहिलं आणि किती फूट भरला त्याचा आकडा लिहिलेली पट्टी कपाटात चिकटवली. ट्रॉय म्हणे आता गाड्या विकतो. टेडला राजीनामा द्यायला लावला.

ओपल जगली, पण तिच्या छातीने उभारी धरली नाही. हॉस्पिटलातून तिला शुश्रूषागृहात हलवलं. लमारनी तिला शब्द दिला होता, की तुला कधी तसल्या ठिकाणी ठेवणार नाही. आता ते रोज दोन बस बदलून तिच्याकडे जातात.

सभेनंतरच्या रविवारी, ओपल अजून हॉस्पिटलात असतानाच, मी तिथे गेले आणि त्यांना बोळात बोलावून सगळं सांगितलं. तीन आठवडे मला माहीत होतं. भावासाठी गप्प बसले. तापमान कमी ठेवा म्हटलं ते त्याचमुळे.

त्यांना कधी रागावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"एक शब्द," ते म्हणाले. "एक शब्द बोलली असतीस तर मी दोरीवर वाळवले असते. मी रोज तुझ्या दारावरून जात होतो, नोरीन."

"हो."

"मी त्या खुर्चीत बसून काय म्हणालो ते ऐकलंस तू. आणि तेव्हाही गप्प बसलीस."

"हो."

"जा इथून."

मी गेले. त्यांना तो हक्क होता, आणि खरं तर त्यांचा तो चढलेला आवाज ऐकून मला बरंही वाटलं. आगीपासून ते स्वतःच्याच हातांकडे बघत बसलेले मी पाहिले होते.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "तिथले लोक तिचे गाऊन हरवतात. दुसऱ्याच बायांचे घालतात तिला. तू धुशील का?"

"आणून द्या."

"मी आत येणार नाही. दारात ठेवीन."

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी दारात पिशवी असते. मी धुते, वाळवते, घड्या घालून, आतल्या शिवणीवर तिचं नाव शिवून परत ठेवते. मागच्या गुरुवारी पिशवीत पीचच्या मुरंब्याची एक बाटली होती. चिठ्ठी वगैरे काही नाही.

टेडचे रविवारचे फोन येतात. कोबी शिजतोय, म्हणतो, ये. तो खरं बोलला, सगळ्यांसमोर बोलला, हे मला कळतं. माझीही चूक त्याच्याइतकीच आहे, हेही कळतं. पण फोन वाजला की मला ती गाडी दिसते. काचेवर पाऊस, आत उबेला बसलेला माझा भाऊ, आणि बारावा कागद. मी फोन उचलत नाही. अजून नाही.